भंगाराचा भाव विकणारा ठरवतो, मग आपल्या सोयाबीनचा कोण ठरवतो?



माझा चुलत भाऊ सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. तिथलं भंगार ऑनलाइन लिलावानं जातं. परवा त्यानं मला सगळी पद्धत सांगितली. पत्र्याची कात्रणं वेगळी, लेथवरचा चुरा वेगळा, तेल लागलेला माल वेगळा. प्रत्येकाचा लॉट, वजन, फोटो. खालची किंमत कंपनीनं आधीच ठरवलेली. बोली लावायची तर अनामत भरा. माल बघायचा तर ठरल्या दिवशी येऊन बघा. बोली पटली नाही तर कंपनी लॉट मागे घेते आणि पुढं कधीतरी पुन्हा काढते. पैसे जमा झाल्याशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नाही.

त्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं रान आहे. त्यातलं 14 क्विंटल सोयाबीन मी दिवाळीनंतर एका बाजार समितीत नेलं. समिती ई-नाममध्ये आहे, फाटकावर मोठा बोर्ड आहे. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे चोळले, "मॉइश्चर सोळाच्या खाली नाही" म्हणाला आणि 3,950 बोलला. त्या दिवशी वाळलेल्या मालाला 4,450 निघत होते. मी म्हणालो, मशीनवर बघा. मशीनची खोली बंद, माणूस रजेवर. संध्याकाळ होत आली होती, टेम्पोवाला घाई करत होता. दिलं. मग ऑपरेटरनं तोच आकडा संगणकात टाकला आणि माझा माल "ऑनलाइन लिलावात" विकला गेला.

घरी दोन कट्टे उरले होते, त्याच खळ्यातले. ओळखीच्या दुकानात मीटरवर लावले, 13.2 निघालं.

आता हिशोब करू, कारण रागाचा उपयोग नाही. शंभर किलो सोयाबीनमध्ये 16 टक्के पाणी असेल तर कोरडा भाग 84 किलो. तोच माल 12 टक्क्यांवर आणला की वजन भरतं साडेपंच्याण्णव किलोच्या आसपास. म्हणजे व्यापाऱ्याचं खरं नुकसान क्विंटलमागं साडेचार किलो, 4,450 च्या भावानं साधारण 200 रुपये. 13.2 असेल तर घट दीड किलोपेक्षाही कमी, साठेक रुपये. माझे कापले 500. वाळवणीची मजुरी वेगळी धरा, तरी क्विंटलमागं चारशेच्या वर गेले, 14 क्विंटलचे सहा हजार. 2025-26 चा हमीभाव 5,328 आहे, त्याचं तर नावच काढायला नको. ही घटीची आकडेमोड प्रत्येकानं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघावी. मूठ चोळून सांगितलेल्या एका टक्क्याची किंमत किती, ते कळतं.

ई-नाम 14 एप्रिल 2016 ला सुरू झालं. कागदावर त्याची रचना कारखान्याच्या भंगारासारखीच आहे. गेटवर नोंद, लॉट नंबर, नमुना, प्रयोगशाळेत तपासणी, मग स्क्रीनवर बोली. बोली पटली नाही तर नकार द्यायचा हक्क शेतकऱ्याचा. एक परवाना राज्यभर चालावा आणि बाजार फी एकदाच लागावी, ही त्यातली अट. हेतू हा, की आपल्या व्यापाऱ्याच्या जोडीला लांबचा मिलवालाही बोलीत उतरावा.

पण लांबचा मिलवाला मूठ चोळू शकत नाही. त्याला दिसतो फक्त तपासणीचा कागद. तो नसेल तर तो बोली लावत नाही, आणि लावलीच तर माल वाईटच असणार असं धरून लावतो. मग स्क्रीनवर उरतो कोण? जो ढिगापाशी उभा आहे तोच. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा. आधी ढिगाशी भाव ठरवून मग संगणकात टाकणं हा तोच रुमाल आहे, फक्त विजेवर चालणारा. अशा नोंदी मोजून "आमच्याकडं इतके कोटींचा ई-व्यापार" म्हणणाऱ्या साहेबांनी एकदा सांगावं, किती लॉटला तपासणीचा कागद होता आणि किती लॉटवर दोनपेक्षा जास्त जणांनी बोली लावली.

"ऑनलाइन सगळं थोतांड आहे" असं म्हणणारेही मला पटत नाहीत. कर्नाटकानं आपल्या आधी, 2014 पासून, बाजार समित्या एका पोर्टलवर आणल्या. त्यावरचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. धानाचा भाव सरासरी 5.1 टक्के, भुईमुगाचा 3.6 आणि मक्याचा 3.5 टक्के वाढलेला दिसला. काही पिकांत फरक फारसा नव्हता. म्हणजे जादू नाही, पण शून्यही नाही. क्विंटलला तीन-चार टक्के म्हणजे आपली हमाली-तोलाई निघाली की.

कांद्याचं मात्र मी यात धरत नाही. चाकणला काय, तळेगाव ढमढेरेला काय, कांदा डोळ्यानं आणि हातानंच विकला जाणार. पत्ती, रंग, माल किती टिकेल, हे मशीनवर येईपर्यंत वेळ लागेल. ज्वारी, बाजरी, सोयाबीन, हरभरा यांना ही सबब चालत नाही.

आता आपल्याकडं बघू, कारण दोष सगळा समितीचा नाही. आपण माल न चाळता नेतो. वरच्या पोत्यात चांगला, खालच्यात मातेरं, हे आपल्यातलेच काही करतात आणि त्याची किंमत सगळे मोजतात. मग 14 क्विंटलचा लॉट! त्यासाठी लातूरहून गाडी कोण पाठवील? त्याला दहा टन लागतात, आणि शंभरही पोती सारखी लागतात. एकट्याच्या घरात ती होत नाहीत, सात-आठ घरांची होतात. पण सोसायटीच्या निवडणुकीत एकत्र येणारं गाव पोती एकत्र करायची म्हटली की सात ठिकाणी फुटतं.

आणि नकार. "पैशाची नड असते, परत कसा नेणार?" खरं आहे, मीही नाही नेला. पण नकार देता यावा म्हणूनच शेतमाल तारण योजना आहे, कृषी पणन मंडळाची, 1990-91 पासून. सोयाबीन, तूर, हरभरा समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. आपल्या समितीचं गोदाम त्यासाठी उघडं आहे का, हे मीसुद्धा माल विकून झाल्यावर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

हरभरा आता खळ्यावर आहे. आमच्या शिवारातली सात घरं मिळून 90 क्विंटलच्या आसपास भरेल. एकच चाळण, एकच ताडपत्री, एकच मीटर. मीटर वर्गणी काढून घेतलाय. प्रत्येक पोत्याचा नमुना काढून पिशवीत, वर आकडा. सोमवारी जायचं. तपासणीचा कागद मिळाल्याशिवाय एकही पोतं बोलीला लावायचं नाही, आणि खोली बंद असली तर सचिवांच्या टेबलावर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यायची. पाच हजाराच्या खाली बोली आली तर माल गोदामात. गोदाम नाही म्हणाले तर घरी. परतीच्या टेम्पोचं भाडं वर्गणीत आधीच धरलंय.