घाट, गेम आणि मी

आमच्या घरात गेले दोन महिने एकाच विषयावर दोन भाषांत वाद चालला होता. आईनं गाडी चालवायचा गेम खेळावा की नाही? यातली आई म्हणजे मी, वय वर्षं एकोणपन्नास. आणि गेम म्हणजे मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडायचा तो नव्हे. टीव्हीला प्लेस्टेशन जोडायचं, पुढ्यात स्टेअरिंग लावायचं, पायाशी क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर मांडायचे आणि शर्यतीच्या रस्त्यावर गाडी पळवायची, असा तो प्रकार.

चिरंजीव माझ्याशी मराठीत आणि आजोबांशी कन्नडमध्ये बोलतात, त्यामुळं घरात प्रत्येक मुद्दा दोनदा मांडला जातो. "आई, तू एकदा बसून तर बघ," हा त्यांचा मुद्दा. "दारात खरी गाडी उभी असताना खोटी कशाला?" हा यजमानांचा. आणि अज्जांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, एका शब्दाचा: "नोडोण." बघू या. अज्जांनी तीस वर्षं सरकारी बस चालवली. ते कशालाच पटकन हो किंवा नाही म्हणत नाहीत.

दारात खरी गाडी आहे, हे खरंच. ती मी चालवत नाही, हेही खरं.

माझं माहेर साखळीचं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी हा रस्ता मला लग्नानंतर पाठ झाला. तो मी स्वतः गाडी चालवत कितीतरी वेळा केला होता, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. जुलै 2016 मध्ये, भर पावसात, चोर्ला घाट उतरताना एका वळणात शिरले आणि वाटलं, वेग जरा जास्तच आहे. ब्रेक दाबला, जोरात. त्याबरोबर हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं. पिठाच्या डब्याचं झाकण फिरवावं तसं. मी वळवत होते आणि गाडी सरळच चालली होती. कठड्याला घासून थांबली. शेजारी बसलेल्या दहा वर्षांच्या चिरंजीवांचा पुढचा एक दात गेला, बाकी देवाची कृपा. त्या जागी आता डॉक्टरांनी बसवलेला दात आहे. कुणाच्या लक्षातही येत नाही. तो हसला की मला मात्र आधी तोच दिसतो.

त्या दिवसापासून किल्ली खिळ्याला. जुनी गाडी विकली, दुसरी घेतली, ती यजमान चालवतात. पण ते नोकरीमुळं आठवडाभर हुबळीला असतात. तिकडं साखळीला माझी आई ब्याऐंशीची झाली आहे आणि एकटी राहते. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली. फोन आल्यावर मी बसची वेळ बघत बसले. पोचले तोवर शेजारच्या वहिनींनी तिला दवाखान्यात नेऊन परतही आणलं होतं. आई काही बोलली नाही. "चहा टाकू का?" एवढंच विचारलं तिनं, पाय बांधलेला असताना. तेव्हा गेमवरून चाललेला आमचा वाद हा गेमवरून नव्हताच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तरीही गेम काय आहे ते समजून घेणं भाग होतं. चिरंजीवांनी जे सांगितलं आणि मी चौकशा करून जे पडताळलं, ते असं. गाड्यांच्या खेळांत दोन जाती. पहिल्या जातीत ब्रेक शोभेचा असतो. भिंतीला धडकलं तरी गाडी पुढं पळते, आणि पाहुण्यांची मुलं अर्धा तास गप्प बसतात. दुसरी जात सिम्युलेटरची. त्यात गाडीचं वजन ब्रेक लावल्यावर पुढं कसं झुकतं, कुठल्या टायरवर किती भार येतो, ओल्या रस्त्यावर टायरची पकड किती कमी होते, याचा हिशेब सेकंदाला कितीतरी वेळा होत असतो. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांच्या चमूनं 'ग्रॅन टुरिझ्मो' आणला आणि घरातल्या टीव्हीवर या जातीला मोठा गिऱ्हाईकवर्ग मिळाला. इटलीच्या कुनोस कंपनीचा 'असेटो कोर्सा' 2014 मध्ये कॉम्प्युटरवर आणि 2016 मध्ये कन्सोलवर आला. त्यांनी खऱ्या शर्यतींचे रस्ते लेझरनं मोजून घेतले, म्हणजे तिथला उंचवटाही खेळात जाणवावा. ज्या मित्राकडं स्टेअरिंग होतं त्याचा आग्रह याच कंपनीच्या पुढच्या, 'कॉम्पेटिझिओने'चा. पण त्यात सगळ्या शर्यतीच्याच गाड्या. मला भाजी आणायच्या गाडीशी मतलब.

म्हणून 2022 साली आलेला ग्रॅन टुरिझ्मो 7 ठरला. मला वाटलं होतं, यात पहिल्याच दिवशी फेरारी हातात देत असतील. तसं नाही. सुरुवातीला तीन लहान गाड्यांतली एक निवडायची: टोयोटाची अ‍ॅक्वा, माझ्दाची डेमिओ नाहीतर होंडाची फिट. फिट म्हणजे आपल्याकडं जॅझ नावानं मिळायची तीच! शिवाय पुढच्या शर्यतींना जायचं तर लायसन्स काढावं लागतं, आणि त्याची पहिली परीक्षा काय, तर गाडी सुरू करून पळवायची आणि आखलेल्या जागेत थांबवायची. हे ऐकून अज्जा पहिल्यांदा खुर्चीत सरसावून बसले. "इद छलो ऐती," म्हणाले. हे बरं आहे.

मला मात्र ते बरं वाटेना. खोटा गेम असता तर मी केव्हाच खेळले असते. "आई, अगदी खऱ्यासारखं आहे," असं चिरंजीव जितकं पटवून देत होते, तितकी मी मागं सरत होते. खऱ्यासारखं नको म्हणून तर किल्ली खिळ्याला लावली होती.

चिरंजीवांनी मग मोठं अस्त्र काढलं. यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश मुलगा हाच गेम खेळत 2011 मध्ये स्पर्धा जिंकला आणि खरा रेसिंग ड्रायव्हर झाला. 2013 साली ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. 2023 मध्ये त्याच्यावर सिनेमाही निघाला. सगळं खरं. पण मी आई आहे, मी पुढचंही वाचलं. मार्च 2015 मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगवर त्याची गाडी पुढून हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडं पडली आणि शर्यत बघायला आलेला एक माणूस गेला. हे मी जेवताना सांगितलं. चिरंजीव गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणूनच म्हणतो, आधी घरात कर."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पैशांचा प्रश्न तसा लवकर सुटला. प्लेस्टेशन घरात होतंच. ज्याच्या आत मोटर असते आणि जे टायरचं बोलणं हातापर्यंत पोचवतं, असं नवं स्टेअरिंग पेडलसकट घ्यायचं तर पंचवीस-तीस हजारांची गोष्ट. तेवढ्यात ड्रायव्हिंग स्कूलचे कितीतरी महिने होतील. नुसत्या हातातल्या रिमोटवरही हा गेम चालतो, आणि ज्याला फक्त खेळून बघायचं आहे त्यानं तेवढ्यावरच बघावं, असं माझं आता मत आहे. पण रिमोटवर अंगठ्यानं गाडी वळते. माझी भीती अंगठ्यात नव्हती, तळहातात होती. मित्रानं त्याचं स्टेअरिंग सुट्टीपुरतं दिलं. ते जेवणाच्या टेबलाला शिकंज्यानं आवळलं, आणि आम्ही पंधरा दिवस जमिनीवर पान घेऊन जेवलो.

माझ्या अटी होत्या. यजमान हुबळीत असतानाच बसणार. दुसरी एकही गाडी रस्त्यावर नको. चिरंजीवांनी माझ्या डाव्या हाताला बसायचं नाही. आणि मी हात वर केला की टीव्ही बंद.

पहिले दोन दिवस सगळ्या कुबड्या लावून चालवलं. रस्त्यावर आखलेली रेघ, ब्रेक कुठं लावायचा त्याची खूण, एबीएस, सगळं चालू. काही झालं नाही. खरं सांगायचं तर कंटाळा आला. तिसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, "पाऊस लाव. आणि एबीएस काढ." आमच्या त्या जुन्या गाडीला एबीएस नव्हतं. आपल्या देशात नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं 2019 मध्ये.

चिरंजीवांनी माझ्याकडं बघितलं, पण विचारलं काही नाही. बेल्जियममधलं स्पा लावलं. डोंगरातल्या जंगलातून जाणारा सात किलोमीटरचा रस्ता, आणि तिथं पाऊस पाचवीला पुजलेला. लांब चढण संपते, रस्ता खाली उतरायला लागतो आणि उजवीकडं घट्ट वळतो. मी वळणात शिरले, वेग जास्त वाटला, ब्रेक दाबला. आणि चाक हलकं झालं. तसंच. अगदी तसंच.

मी हात वर केला. टीव्ही बंद झाला नाही. मागं दारात अज्जा केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. ते म्हणाले, "मोदल ब्रेक. आमेले स्टेअरिंग." आधी ब्रेक, मग स्टेअरिंग. हे वाक्य मी वीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं होतं, त्यांच्या जुन्या सवयीतलं एक म्हणून. त्या दिवशी मी पहिल्यांदाच विचारलं, "का?"

टायरकडं एकच भाकरी असते, असं त्यांनी सांगितलं. ब्रेकला सगळी वाढली तर वळायला काय उरणार? चाकं फिरायची थांबली की ती नुसती घसरतात, आणि घसरणारं चाक कुठल्याही बाजूला धरलं तरी गाडी आपल्या वाटेनं सरळच जाते. एबीएस चाकाला पुरतं अडकू देत नाही, फिरतं ठेवतं, म्हणून दाबलेल्या ब्रेकवरही थोडं वळता येतं. तेव्हा सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, ब्रेक हळूहळू सोडायचा आणि मग वळायचं. चुकून चाकं अडकलीच, तर ब्रेकवरचा पाय थोडा सैल करायचा. आणि नेमकं तेच मन करू देत नाही.

ते वळण मी त्या संध्याकाळी अकरा वेळा घेतलं. सहा वेळा रस्ता सोडून बाहेर गेले. सातव्या खेपेला पाय सैल केला आणि हातात पुन्हा वजन आलं. मी तिथंच, वळणाच्या मध्यात, गाडी थांबवली. चिरंजीव म्हणाले, "आई, तिथं थांबतात का?" म्हटलं, "मी थांबते."

दहा वर्षं मी समजत होते की माझ्या हातांनी दगा दिला. दगा नव्हता. पाय चुकला होता, आणि पाय का चुकला तेही कळलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर वाचक स्टेअरिंग घ्यायला धावतील. खुर्ची हलत नाही. गाडी झुकली की पोटात जो गोळा येतो तो येत नाही, त्यामुळं वेगाचा अंदाज साफ फसतो. ताशी नव्वद हे टेबलावर चाळीस वाटतात. समोरून लॉरी येत नाही, म्हैस आडवी बसत नाही, उसाची ट्रॉली दिव्याविना उभी नसते. आणि धडकल्यावर पुन्हा सुरू करायचं बटण असतं. माझ्या भीतीला त्या बटणानं मदत केली, पण वीस वर्षांच्या मुलाला ते काय शिकवील, याची मला धास्तीच आहे. म्हणून आमच्याकडं नियम झाला आहे, की गेमवरून उठल्यावर तासभर स्कूटरची किल्ली मिळणार नाही. चिरंजीवांना तो जुलूम वाटतो. शिवाय हा गेम बहुतेक सारा इंटरनेटवर चालतो. लाइन गेली की शर्यत गेली. मार्च 2022 मध्ये तर दुरुस्तीसाठी तो जगभर तीस तासांहून जास्त बंद पडला होता.

स्टेअरिंग विकत घ्यायचं नाही, असं ठरलं. त्याऐवजी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांबरोबर मी आठ सकाळी जांबोटी रस्त्यावर गेले. मास्तर माझ्यापेक्षा लहान, मला "अक्का" म्हणायचे आणि ब्रेकवरचा त्यांचा पाय शेवटपर्यंत हलला नाही. परवाच्या रविवारी यजमान शेजारी आणि मी चाकावर, अशी कणकुंबीपर्यंत गेले. मलप्रभेच्या देवळात हात जोडले. तिथून पुढं घाट. तिथं मी किल्ली यजमानांच्या हातात दिली, त्यांनीही काही न बोलता घेतली. साखळीला आईनं गाडीचा आवाज ऐकून विचारलं, "कोण चालवत आलं?" म्हटलं, "निम्मं मी." तिनं दोनदा विचारलं, कुठपर्यंत.

स्टेअरिंग शुक्रवारी परत द्यायचं आहे. पण मध्येच एक गोष्ट झाली. एका दुपारी अज्जांनी "नान नोडतेनि" म्हणून खुर्ची ओढली. त्यांना चिरंजीवांनी न्यूर्बुर्गरिंगचा जुना रस्ता लावून दिला. वीस किलोमीटरहून लांब, सत्तरावर वळणं, अस्सल घाटच. अज्जांनी ताशी पस्तीसनं तो पुरा केला, एकदाही कडेला न लागता. पहिल्या वळणाआधीच त्यांनी विचारलं होतं, "हॉर्न एल्लि?" हॉर्न कुठं? त्याचं बटण चिरंजीवांनी शोधून दिलं. आता रोज दुपारी आमच्या घरातून प्रत्येक वळणावर हॉर्न ऐकू येतो, आणि समोरच्या काकूंनी विचारलं सुद्धा, की कोण आलंय. अज्जांना हवं आहे, की स्टेअरिंग आणखी आठवडाभर ठेवता येतं का, हे मित्राला विचारून बघावं.