रूम बदलली, कचऱ्याची वेळ विचारली का?

नवीन रूमवर गेलो की आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. कचरा कधी, कोणाकडे द्यायचा हे कोणीच विचारत नाही. नाशिकला घरी घंटागाडी यायची. गाणं ऐकू आलं की बादली घेऊन पळायचं. पुण्यात आल्यावर आठवडाभर मी त्या गाण्याची वाट बघत बसले! इथे बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारात येतात. 2008 पासून. सुका कचरा त्या हाताने निवडतात, त्यातलं भंगार विकून कमाई करतात. म्हणजे उरलेली भाजी पिझ्झाच्या बॉक्सवर ओतली की त्यांचे पैसे गेले. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे मला एका ताईंनी जिन्यात शिकवलं. लाजलेच जरा.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणं 2016 च्या केंद्रीय नियमांनी देशभर बंधनकारक केलं. तो गोळा करायची पद्धत मात्र गावागणिक वेगळी. बाहेरगावच्या पोरांना ‘बेशिस्त’ म्हणणं सोपंय. त्यापेक्षा घरमालकांनी आणि हॉस्टेलवाल्यांनी चावी देतानाच ही पद्धत सांगावी. आणि आपण? उद्या दार वाजलं की बादली रूममेटकडे न ढकलता स्वतः उठा.