हिंजवडीचा ई-मेल, बीडचा लॅपटॉप

इंजिनिअरिंगला प्रवेश पक्का झाला की बीड जिल्ह्यातल्या घरातून पुण्याला फोन जातो. केजचा, आष्टीचा, गेवराईचा कुणी ना कुणी दादा हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात नोकरीला असतोच. "दादा, तुमच्या कंपनीतून लॅपटॉप स्वस्तात भेटतो म्हणे. बघा ना एखादा." दादा हो म्हणतो आणि घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, कंपनीच्या सवलतीत मिळतंय ना, मग डोळे झाकून घ्या. दुसरा म्हणतो, ही सगळी धूळफेक आहे. बीडच्या सुभाष रोडला जा, हातात घेऊन बघा, घासाघीस करा आणि घरी घेऊन या. मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. त्यातल्या त्यात दुसरी जास्त शहाणी आहे, म्हणून आधी तिचाच समाचार घेतो.

तिचा पहिला आक्षेप असा की सवलत खोटी असते. हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणूनच तो खोडायला जड जातो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या मोठ्या आस्थापनांशी करार करतात. नोकरदार आपला ऑफिसचा ई-मेल टाकतो आणि बाहेरच्यांना न दिसणारे दर त्याच्यापुढे उघडतात. तिथली टक्केवारी बऱ्याचदा छापील किमतीवर काढलेली असते, आणि छापील किमतीत आज लॅपटॉप घेतो कोण? दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये बँकेच्या कार्डाची सूट धरली तर तेच मॉडेल कधी कधी आणखी खाली येतं. दोन्ही सवलती एकावर एक मिळतील याचीही खात्री नसते. 'विनाव्याज' हप्त्यांचंही तसंच. व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, मग बँक व्याज लावते, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी घेते आणि वर प्रोसेसिंग फी असतेच. हे सगळं मला कबूल आहे. पण यातून सिद्ध एवढंच होतं की टक्का बघून लॅपटॉप घेऊ नये. योजनाच कुचकामी आहे, हे यातून निघत नाही. योजनेत घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: यंत्रात काय असावं हे तिथे आपल्याला ठरवता येतं. मायकेल डेल यांनी 1984 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीतून धंदा सुरू केला तो याच हिशेबावर. मधला दुकानदार वगळायचा आणि गिऱ्हाईक सांगेल तसा संगणक जोडून थेट त्याला द्यायचा. त्यांच्या कंपनीचा भारतातला कारखाना 2007 मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरला सुरू झाला. मागणीप्रमाणे जोडलेलं यंत्र ही काही कालपरवाची टूम नाही.

दुसरा आक्षेप: असले लाड पुण्या-मुंबईला शोभतात, आपल्याला जे तयार मिळतं ते बरं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. पुण्याच्या मुलाला तयार यंत्र चालून जातं. त्याचं सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं, वीज गेली तर सोसायटीचा जनरेटर असतो. पाटोदा किंवा शिरूर कासारच्या मुलाचं बघा. तो अभ्यासाला बसतो पडवीत, उजेडाकडे तोंड करून. स्वस्तातल्या तयार लॅपटॉपचा पडदा बहुधा 250 निट्स उजेडाचा असतो. भर उन्हाळ्यात दुपारी पडवीत बसून त्यावर कोडची ओळ वाचून दाखवावी. तीनशे किंवा त्याहून जास्त निट्सचा, न चमकणारा पडदा योजनेतल्या पर्यायांच्या यादीत एका टिचकीसरशी बदलता येतो. बॅटरीचंही तसंच. तयार यंत्रात बहुधा तीन सेलची, चाळीस-बेचाळीस वॉट-अवरची असते. चार सेलची, चौपन्नच्या आसपासची घेतली तर संध्याकाळचं भारनियमन सुसह्य होतं. कमी दाबाची भीती मात्र उगाच घेऊ नका. लॅपटॉपचा चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्यामुळे गावाकडची मंद वीज त्याला बाधत नाही. बाधतो तो वीज परत येतानाचा झटका, आणि त्यावर सर्ज प्रोटेक्टर हा स्वस्त इलाज आहे.

पण सगळ्यात मोलाची ओळ यादीच्या तळाशी असते, आणि तिथवर पोचेपर्यंत आपला धीर सुटलेला असतो. ती म्हणजे वॉरंटी. एक वर्षाची नेहमीची की तीन वर्षांची, घरी येऊन दुरुस्ती करणारी? ऐन परीक्षेत कीबोर्ड गेला तर यंत्र पाठीवर टाकून छत्रपती संभाजीनगरची एसटी धरायची की तंत्रज्ञानेच दारात यायचं, याचा निकाल त्या एका ओळीत लागतो. सवलतीतून वाचलेले पैसे घालायचे तर ते इथे. मात्र पैसे भरण्याआधी आपल्या पिनकोडवर, बीडचा 431122 असो की परळीचा 431515, ही सेवा मिळते का ते लेखी विचारून घ्यावं. "मिळेल की," असं विक्रेत्याने फोनवर सांगितलेलं पुढे कामी येत नाही.

आता तिसरा आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवायला आणि एसएसडी बदलायला कंपनी जे पैसे लावते त्यात मी तेच काम करून वर चहा पाजतो. बरोबर बोलतो बिचारा. कारखान्यातून वाढवून घेतलेले असे भाग बाजारभावापेक्षा महाग पडतात, हे कुणीही दोन किमती शेजारी ठेवून बघावं. म्हणून माझी वाटणी अशी: जे मागून बदलता येत नाही ते कारखान्यातून घ्यावं आणि जे बदलता येतं ते गावात. पडदा, प्रोसेसर, बॅटरीचा आकार, वॉरंटी हे कारखान्याकडून. एसएसडी आणि खाचेत बसणारी रॅम सुभाष रोडवर. मात्र पातळ यंत्रांत रॅम बहुधा बोर्डालाच डकवलेली असते. तिथे पुढे वाढ नाही, म्हणून आठवर न थांबता सोळा जीबी सुरुवातीलाच घ्यावी, महाग पडली तरी. दुकानदाराकडे जाण्याआधी झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का, तेवढं मात्र कंपनीला विचारावं. म्हणजे दुकानदाराचा धंदा बुडतो ही तक्रारही उरत नाही; खोकं विकण्यात त्याला जे सुटतं त्यापेक्षा अशा कामातच जास्त सुटत असेल, असा माझा अंदाज आहे.

चौथा आक्षेप आपल्या जिल्ह्याचाच आहे. पगारातून हप्ता कापून लॅपटॉप घेणं म्हणजे मुकादमाची उचलच की, असं मी एका जाणत्या गृहस्थांच्या तोंडून ऐकलं. ऊसतोडीच्या जिल्ह्यात हे वाक्य लगेच पटतं. पण आगाऊ उचल घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, किती टन तोडले म्हणजे फिटली हे कागदावर दिसत नाही. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. लॅपटॉपच्या हप्त्यात रक्कम, महिने आणि शेवटची तारीख करारात छापलेली असते. फार तर नोकरी मध्येच सोडली तर उरलेले हप्ते शेवटच्या हिशेबात एकदम कापतात. तेव्हा सहा महिन्यांत कंपनी बदलायचा बेत असलेल्या दादाने चुलतभावासाठी हा मार्ग धरू नये. आणि योजनेत कुटुंबासाठी खरेदी चालते का, हेही वाचावं. बहुतेक ठिकाणी पुन्हा विकायला मनाई असते. भावाला देणं निराळं आणि गावात चार जणांना कमिशनवर देणं निराळं.

डोळे झाकणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. सांगून जोडून घेतलेलं यंत्र बहुधा परत घेत नाहीत आणि ते यायला तयार मालापेक्षा जास्त दिवस लागतात. सत्र सोमवारी सुरू होणार आणि मागणी शनिवारी, असं करू नये. दादा कधी कधी दुसराच रस्ता सुचवतो: कंपनीने वापरून बाजूला काढलेला लॅपटॉप. आयकर नियमांत अशा संगणकाची किंमत दर पूर्ण वर्षाला निम्मी धरलेली आहे. 80,000 चं यंत्र तीन वर्षांनी 10,000 चं होतं, आणि तेवढे पैसे भरले तर दादाच्या पगारात 'सुविधा' म्हणून काही मोजलं जात नाही. मामला फायद्याचा आहे. फक्त प्रोसेसर विंडोज 11 ला चालणारा आहे ना ते बघा, कारण विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. या सगळ्या व्यवहाराची चावी म्हणजे ऑफिसचा ई-मेल. हिंजवडीच्या पोराकडे तो आहे. धारूरच्या वस्तीशाळेवरच्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींकडे बहुधा साधा जीमेल असतो, आणि त्यावर हे दार उघडत नाही. या गुरुजींचा पगार 'शालार्थ'मधून निघतो, विद्यार्थ्यांची माहिती 'सरल'वर आणि 'यू-डायस'वर भरावी लागते. हे काम कित्येक ठिकाणी ते स्वतःच्या पैशाच्या यंत्रावर, रात्री, घरी बसून करतात. सरकारी नोकराला एमएस-सीआयटीची परीक्षा सक्तीची करणारं राज्य तो संगणक घेताना मात्र त्याला बाजारात एकटं सोडतं. केंद्राने सातव्या वेतन आयोगानंतर आपल्या कर्मचाऱ्यांना संगणकासाठी 50,000 रुपयांपर्यंत अग्रिम ठेवलं. तेही व्याजी आहे, आणि अग्रिम म्हणजे कर्ज. त्याने भाव उतरत नाही. भाव उतरतो तो एकगठ्ठा मागणीने. चार-पाच हजार माणसांची आयटी कंपनी जो दर पदरात पाडून घेते तो लाखो कर्मचाऱ्यांच्या मालकाला मिळणार नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. दोन-तीन ठरलेली कॉन्फिगरेशनं, 300 निट्सचा पडदा, मोठी बॅटरी, तालुक्यापर्यंत येणारी दुरुस्ती, देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड आणि ओळख पटवायला ई-मेलऐवजी 'शालार्थ'चा क्रमांक. शिक्षक संघटनांनी बदल्यांच्या निवेदनात ही मागणी एका कलमात टाकली तरी सुरुवात होईल.