क्राकाटोआचें अपत्य

ज्वालामुखी म्हटला कीं आपण अग्नीलाच भितों. जावा व सुमात्रा यांमधील क्राकाटोआ बेट १८८३ च्या ऑगस्टांत फुटलें, तेव्हां मेलेल्या ३६,००० हून अधिक माणसांपैकीं बहुतेकांना लाटांनींच नेलें! त्याच विवराच्या कांठीं १९२७ सालीं ‘अनाक क्राकाटाउ’, म्हणजे क्राकाटोआचें मूल, समुद्रांतून वर आलें. राखेचा व लाव्ह्याचा हा उभट ढीग ढांसळल्यास लाट उठेल, असें गणित शास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं छापून ठेविलें होतें. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्रीं तसेंच घडलें. ४०० हून अधिक जीव गेले. इशारा देणारी यंत्रणा मोठ्या भूकंपावर विसंबलेली, आणि तसा भूकंप झालाच नाहीं. आमच्या मतें, त्या उतारावर व भोंवतालच्या पाण्यावर रात्रंदिवस पहारा ठेवण्यास २०१२ सालींच आरंभ व्हावयास हवा होता.