काठीवर तोललेले बॉनेट

वाचकहो, निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांचे पत्र आले आहे. ते लिहितात, "आमची मोटार पंधरा वर्षांची झाली. थंडीत सकाळी बॉनेट उघडून हात सोडला की ते हळूहळू खाली येते. तेच दुपारी उघडले तर नीट वर राहते. घरातले म्हणतात, गाडीलाही सकाळची झोप आवरत नाही. हा काय प्रकार आहे?"

प्रकार साधा आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. म्हणून आजचा सगळा मजकूर या एकाच प्रश्नाला दिला आहे.

जुन्या जीपचे बॉनेट मागे काचेच्या चौकटीवर टेकत असे. पुष्कळ मोटारींत आजही बॉनेटखाली लोखंडी सळई असते, ती उचलून खाचेत अडकवायची. सळई कधी म्हातारी होत नाही. पण काही मोटारींत सळईऐवजी दोन बाजूंना दोन काळे नळे असतात व त्यांतून चकचकीत दांडी बाहेर येते. दुकानात याला कुणी बॉनेटचा शॉकर म्हणतात, कुणी गॅसचा शॉकअप. ओम्नीचे मागचे दार, ज्यातून तुमच्यापैकी कितीतरी जणांनी भाजीचे क्रेट आणि दुधाचे कॅन चढवले असतील, तेही असल्याच शॉकरवर उभे राहते. एकसंध बॉनेटच्या काही ट्रॅक्टरांनाही तो असतो.

या नळ्यात स्प्रिंग नसते. नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो आणि जोडीला थोडे तेल. दाब किती, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. दांडी आठ मिलिमीटर जाडीची असेल तर तिचा छेद साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर भरतो. एवढ्याशा जागेवर वायूला चाळीस किलोचा रेटा द्यायचा असेल, तर आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ऐंशी किलो हवा. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन किलोच्या आसपास असतो. म्हणजे टायरच्या चाळीस पट! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता सकाळच्या झोपेविषयी. वायू थंड झाला की त्याचा दाब उतरतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर शॉकरला जेवढा जोर असतो, त्यातला दहावा हिस्सा निफाडच्या आठ अंशांच्या पहाटे कमी होतो. शॉकर नवा असेल तर तेवढी घट त्याला कळतही नाही. पण दांडीभोवतीची रबरी सील झिजून वर्षानुवर्षे वायू झिरपत गेला असेल, तर शॉकर कसाबसा काठावर उभा असतो आणि थंडी त्याला खाली ढकलते. दुपारी ऊन लागले की पुन्हा काठावर येतो. तेव्हा पत्रलेखकांनी समजावे, की शॉकर संपत आले आहेत. पुढच्या वर्षी ते दुपारीही बॉनेट धरणार नाहीत. दांडीवर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलीच म्हणा.

मग आपण काय करतो? काठी लावतो. मीही तेच केले. आमच्या जुन्या गाडीचे दोन्ही शॉकर बसले तेव्हा खोऱ्याचा एक मोडका दांडा डिकीत टाकून ठेवला. तात्पुरता. तो तीन वर्षे तिथेच होता. २०२१ च्या पावसाळ्यात वहिनींना डोळे दाखवायला तालुक्याला न्यायचे होते. निघण्यापूर्वी पाणी पाहावे म्हणून बॉनेट उघडले, दांडा लावला आणि नववीतल्या पुतण्याला म्हटले, "जरा धर रे." समोरून वाऱ्याची झुळूक आली. बॉनेट बोटभर वर उचलले गेले आणि दांडा निसटला. काठी बॉनेटच्या वजनानेच जागेवर राहते, ते वजन क्षणभर उचलले की काठीला धरणारे काहीच उरत नाही, हे मला त्या दिवशी कळले. पोराने डोके मागे घेतले, हात मात्र कडेवरच राहिला. दोन बोटे सापडली. त्या दिवशी तालुक्याला गेलो ते वहिनींच्या डोळ्यांसाठी नव्हे. आज तो पेटी वाजवतो तेव्हा डाव्या हाताचे एक बोट मागे राहते. मला काही झाले नाही, कारण मी बाजूला उभा राहून बाटलीचे झाकण उघडत होतो.

शॉकरची जोडी मी त्याच आठवड्यात आणली. किंमत एका नव्या टायरपेक्षा कमी पडली. तीन वर्षे मी नेमके काय वाचवत होतो, ते अजून मला सांगता येत नाही.

शॉकर घ्यायला जाताना जुना बरोबर न्या, किंवा त्यावरचा मजकूर नीट उतरवून घ्या. नळ्यावर एक आकडा व त्यापुढे इंग्रजी एन हे अक्षर छापलेले असते. दहा एन म्हणजे साधारण एक किलोचा जोर, म्हणून ४०० एन म्हणजे चाळीस किलो. अक्षरे पुसली असतील तर गाडीचे मॉडेल व वर्ष सांगून त्याच मापाचा मागा. लांबी शॉकर पूर्ण ताणून मोजावी, एका टोकाच्या वाटीच्या मध्यापासून दुसऱ्या वाटीच्या मध्यापर्यंत. "जास्त जोराचा न्या, जास्त टिकेल," असे एखादा दुकानदार सांगेल. ऐकू नका. जास्त जोराचा शॉकर बॉनेटचा पत्रा वाकवतो, बिजागऱ्या ओढतो आणि मग बॉनेट बंद करायला दोन माणसे लागतात. बैलगाडीला एका बाजूला खिलार आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्हा जुंपावा, तसे एक नवा व एक जुना शॉकर लावणेही चूकच. बॉनेट पिळवटते. दोन्ही एकदमच बदला.

काम अर्ध्या तासाचे आहे, पण एकट्याने करू नका. गाडी सपाट जागी, वाऱ्याच्या आडोशाला लावा. इंजिन थंड होऊ द्या, किल्ली खिशात ठेवा. बॉनेट पूर्ण उघडून मजबूत लाकडी टेका द्या. टेक्याचे खालचे टोक बॅटरीवर किंवा रेडिएटरवर नको, पक्क्या लोखंडावर हवे. शिवाय एका जाणत्या माणसाने दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभे राहायचे. पोरांना हे काम सांगू नका. मी सांगितले होते.

शॉकरच्या दोन्ही टोकांना बहुधा वाटी असते व ती गाडीला बसवलेल्या गोळीवर चढवलेली असते. वाटीवर पोलादी पट्टीची बारीक चाप असते. लहान स्क्रू ड्रायव्हरने ती किंचित उचला, पूर्ण उपसू नका, आणि वाटी सरळ बाहेर ओढा. आधी एका बाजूचा जुना काढून तिथे नवा बसवा, मगच दुसऱ्या बाजूला हात घाला. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करू नयेत.

बॉनेट बंद असताना नळा वर आणि दांडी खाली राहील असा नवा शॉकर लावावा. आतले तेल मग सीलपाशी उतरून राहते आणि सील सुकत नाही. जुना उलटा बसलेला आढळला तर आधी कुणीतरी घाईत बसवला असण्याचा संभव आहे, तेव्हा गाडीची पुस्तिका पाहा. काही थोड्या गाड्यांत रचना वेगळी असते. वाटी गोळीवर दाबली की टक् असा आवाज येतो. जागा थोडी कमी पडत असेल तर बॉनेट आणखी जरासे उचलावे. शॉकर जमिनीवर रेटून आखूड करण्याच्या भानगडीत पडू नये, तो चाळीस किलोने उलट रेटतो. दोन्ही बसले की बॉनेट सावकाश खाली आणून पाहा, कुठे अडत नाही ना. बंद करताना कोपऱ्यावर जोर देऊ नका, कुलपाजवळ मध्यावर दोन्ही तळवे ठेवून दाबा.

नंतर त्या दांडीला ग्रीस लावू नका. आपल्या रस्त्यांची धूळ ग्रीसला चिकटते आणि तीच सील खाते. कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसणे पुरे. पक्कड तर दांडीला लावूच नये, एक ओरखडा आला तरी तिथून वायू निघू लागतो.

नवे शॉकर मिळेपर्यंत एक युक्ती सांगतो. कडक पीव्हीसी पाइपचा एक तुकडा उघड्या दांडीच्या लांबीएवढा कापा, त्याला एका बाजूने उभी चीर द्या व बॉनेट पूर्ण उघडल्यावर तो दांडीवर चढवा. नळा आणि दांडीचे टोक यांच्यामध्ये तो अडकतो आणि बॉनेट खाली येऊ शकत नाही. पाइपचे भोक दांडीपुरतेच हवे, नळा त्यात शिरला तर उपयोग नाही. ठिबकची नळी वापरू नका, ती मऊ असते आणि दबते. बंद करण्यापूर्वी पाइप काढायला विसरू नका.

आता तो आकडा आठवा, टायरच्या चाळीस पट. बॉनेट धरण्याइतका जोर नसला तरी जुन्या शॉकरमध्ये बराच दाब शिल्लक असतो. तो कापू नये, भोक पाडू नये, जवळ वेल्डिंग करू नये. दांडी चांगली पोलादी दिसते म्हणून तिची पहार करायचा मोह होतो, तोही टाळावा. शेकोटीत किंवा पाचट पेटवलेल्या फडात तो गेला तर फुटून बंदुकीसारखा उडेल. भंगारवाल्याला देताना वायूचा आहे हे तोंडाने सांगा, आणि तोवर पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. जुन्यात पुन्हा वायू भरून देणारे भेटतात. नळ्याला भोक पाडून वाल्व बसवलेला शॉकर मी तरी माझ्या डोक्यावर धरू देणार नाही.

निफाडच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी हँडब्रेकच्या तारेविषयीही विचारले आहे. त्याचे उत्तर पुढील अंकी.