सेलांना जामीन नको

गडहिंग्लजच्या बाजारात सेलांचा चार्जर मागितला की दुकानदार विचारतो, “घरात वापरायचा का परगावी न्यायचा?” जणू परगावी गेले की सेल उपास धरतात! खरा प्रश्न वेगळाच आहे, साहेब. हा चार्जर प्रत्येक सेलाचं खातं वेगळं ठेवतो, की दोघांचं जोडखातं?

मी पहिला घेतला तो जोडखात्याचा. त्यात दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले. दोघांतून वीज तेवढीच जाते. एक अर्धा भरलेला, दुसरा रिकामा असला, की दुसऱ्याचं पोट भरेपर्यंत पहिला तापत बसतो. बँकेत आम्ही याला जामीनदार म्हणतो. कर्ज एकाचं, चटके दुसऱ्याला! त्यातून त्या चार्जरला थांबणं ठाऊक नव्हतं. 2000 मिलिअँपिअर-तासांचा सेल 200 मिलिअँपिअरनं भरायला 14-15 तास लागतात. रात्री लावला तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी काढायचा. तेव्हा मी कॅशमध्ये! त्याचा लाल दिवाही सेल भरतोय म्हणून नव्हे, वीज आहे म्हणून लागायचा.

एका रात्री आईला गरगरलं. प्रेशरच्या यंत्रात ‘भरलेले’ चार सेल घातले, तर यंत्र मुकं! शेवटी दोन घड्याळांतले दोन, बॅटरीतले दोन असे साधे सेल काढले. आईचं प्रेशर ठीक आहे हे कळलं. किती वाजले ते मात्र सकाळपर्यंत कळलं नाही.

तरी मेहुणे म्हणतातच, “दाजी, चार्जरला एवढे पैसे कशाला घालताय?” अहो, स्वस्त चार्जर पैसे वाचवत नाही, सेलांच्या आयुष्यातून हप्त्यानं वसूल करतो! शहाणा चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्र तपासतो. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो. ते हेरून तो त्या सेलापुरता हात आखडता घेतो. मोबाइलच्या 5 व्होल्टच्या चार्जरवर चालणारा घेतला, की घरचा आणि एसटीच्या पिशवीतला एकच. एवढं मात्र सांभाळा, त्यात साधे सेल घालू नका. ते भरत नाहीत, फुटून गळतात.

आता आमच्या घरी चार सेलांची चार खाती आहेत, जामीनदार एकही नाही. आणि घड्याळं रात्रभर चालतात.