‘नुसतं बघायचे’ पैसे द्या!

गाडीच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया असतात. एक, ‘चालतेय ना? मग चालू दे.’ दुसरी, ‘गिअरबॉक्स गेला वाटतं, किती खर्च येईल?’ हा दिवा नक्की कशामुळे लागला, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. आणि त्याचं उत्तर शोधण्याचे वेगळे पैसे द्यायचे म्हटलं तर विषयच संपला. माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या पोरांना याचं काय? तर बघा. घरात नवी गाडी आली की जुनी कोणाच्या वाट्याला येते? आणि पहिली नोकरी लागल्यावर बजेटमध्ये बसते ती कोणती? सेकंडहँड, आणि ट्रॅफिकचा वैताग नको म्हणून शक्यतो ऑटोमॅटिक. २०१४ च्या फेब्रुवारीत सेलेरिओ आली आणि एएमटी हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. त्यानंतर इतर कंपन्यांनीही लहान गाड्यांत तो दिला. त्या पहिल्या वर्षांतल्या गाड्यांनी आता दशक ओलांडलंय आणि त्या आपल्यासारख्यांच्या हातात येतायत.

एएमटी म्हणजे काही जादू नाही. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी नि हाताऐवजी एक यंत्रणा करते, आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे दुखणं तीन ठिकाणी असू शकतं: खऱ्या गिअरबॉक्समध्ये, ती यंत्रणा चालवणाऱ्या भागांत, किंवा या सगळ्यांना वीज नि सिग्नल पोचवणाऱ्या वायरिंगमध्ये. मीटरवरचा दिवा मात्र एकच. जुन्या गाडीत तिसऱ्या शक्यतेकडे आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे, कारण ते तपासणं सगळ्यात स्वस्त पडतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरचं उदाहरण सांगते. २०१६ ची एएमटी, सेकंडहँड घेतलेली. जुलैमध्ये गिअरचा दिवा लागायला लागला. सिग्नलला थांबलं की कधी कधी गाडी न्यूट्रलला जायची आणि पुन्हा गिअर घ्यायचीच नाही. ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे दहा मिनिटांत निकाल लागला, ‘काका, ॲक्च्युएटरचं पूर्ण किट बदलावं लागेल. ६५ हजार धरून चाला.’ स्कॅनर लावलाच नाही. घरात तीन दिवस चर्चा एकच, की गाडी तशीच विकायची का? तिची पुढच्या सेमिस्टरची फी भरायची होती, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे बाकीच्या खुणा समोरच होत्या, फक्त त्या कोणी एकत्र मांडल्या नव्हत्या. सकाळी सेल्फ जड फिरायचा. गाडी जागेवर चालू असताना ब्रेक दाबला की हेडलाइट किंचित मंद व्हायचे. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा. या गोष्टींचा आणि गिअरचा काय संबंध, असं घरच्यांना वाटलं. संबंध होता. ओळखीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे फार तर पाव व्होल्टच्या आत आकडा दिसायला हवा. त्याला एक व्होल्टपेक्षा जास्त दिसला. बॅटरीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी अर्थची वायर बोल्टापाशी हिरवी-पांढरी पडून कुजली होती. कोकणातल्या दोन-तीन पावसाळ्यांत एवढं होतंच.

एएमटीतला छोटा पंप चांगलाच करंट ओढतो. अर्थ खराब असेल तर त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, प्रेशर तयार होत नाही आणि कॉम्प्युटर ‘यंत्रणा बिघडली’ समजून दिवा लावतो. त्याच्या बाजूने तो बरोबरच असतो, पण यंत्रणा मात्र धडधाकट असते.

नवी वायर, घासून साफ केलेले टर्मिनल, पाऊण तास. बिल झालं ८०० रुपये. आणि आता खरी गोष्ट ऐका. तिचे बाबा घरी येऊन म्हणाले, ‘एवढ्याशा वायरचे आठशे?’ ६५ हजारांवर तीन दिवस विचार करणाऱ्या माणसाला ८०० जास्त वाटले! कारण ६५ हजारांत एक मोठा डबा मिळणार होता, खोक्यात, बिलासकट. आठशेमध्ये हातात काय आलं? वीतभर वायर. मिळालं होतं ते निदान, पण ते पिशवीत घालून घरी नेता येत नाही.

म्हणून मला सगळा दोष गॅरेजवाल्याला द्यायचा नाही. फसवणारे असतात, आहेतच. पण आपण ज्या पद्धतीने पैसे देतो, तिने प्रामाणिक माणसालाही पार्ट विकायला भाग पडतं. वायरिंगमधला दोष शोधायला कधी दोन तास जातात, कधी अख्खा दिवस. त्या वेळाचे पैसे मागितले की आपण म्हणतो, ‘नुसतं बघितलंत ना? बघायचे कसले पैसे?’ मग तो माणूस बघेल कशाला? पार्ट बदलेल, त्यात मार्जिन काढेल. त्याने नाही भागलं तर दुसरा बदलेल. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतोच की, औषध न लिहिता त्याने ‘काही नाही, पाणी पी’ म्हटलं तरी. मग इथेच हात आखडता का?

तेव्हा गॅरेजमध्ये गेल्यावर सरळ बोला, ‘दादा, आधी फक्त शोधून द्या. शोधायचे किती घ्याल? बदलायचं काय ते मग ठरवू.’ आणि स्कॅनरवर आलेला कोड लिहून मागा. बीएस-४ गाड्यांना आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली कुठेतरी १६ पिनांचं सॉकेट सापडेल. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा रीडर तुम्हीही घेऊ शकता, दोन-तीन मित्रांत एक पुरतो.

पण कोड वाचतानाही घाई नको. उदाहरणार्थ, पी ०७०० हा कोड दिसला की लोक घाबरतात, कारण त्याचा अर्थ ‘ट्रान्समिशनमध्ये दोष’ असा दाखवतात. प्रत्यक्षात तो फक्त एवढंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे, तिकडे जाऊन विचारा. स्वस्त रीडर बऱ्याचदा तिथपर्यंत पोचतच नाही, त्यासाठी चांगला स्कॅनर लागतो. सोबत पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, असा कोड असेल तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर. यू ०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला, तेव्हा फ्यूज, कनेक्टर आणि हो, उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत आलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा विनोदाचा विषय नाही.

रीडर नसला तरी दोन गोष्टी फुकटात कळतात. भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, ब्रेक दाबा, मागे लाल उजेड पडतो का पाहा. ब्रेकचा स्विच खराब असेल तर तुम्ही ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही, आणि मग बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या गिअर घ्यायला नकार देतात. स्विच किरकोळ किमतीचा असतो. दुसरं, कोणाकडून तरी मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसली पाहिजे. खूपच कमी असेल तर गिअरबॉक्सचं नावही काढू नका.

अर्थात दर वेळी वायरच निघेल असं नाही. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर एएमटीचा क्लच खरोखर जळतो. जळका वास, रेस वाढते पण गाडी ओढत नाही, अशी लक्षणं असतील तर अर्थच्या वायरी घासून काही होणार नाही, खर्चाची तयारी ठेवा. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत ऑइल काळं पडून जळकं लागत असेल तर तेच. आणि लाल दिवा, म्हणजे ऑइल प्रेशर किंवा टेम्परेचरचा, लागला तर निदान वगैरे नंतर. आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. एका गिअरमध्ये अडकून गाडी रडतखडत चालत असेल तर ती स्वतःला वाचवतेय, तिला एक्स्प्रेसवेवर नेऊ नका.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मात्र ‘कोड उडवून देतो’ या सेवेचा. बॅटरीची वायर काढून लावली किंवा रीडरवर एक बटण दाबलं की दिवा विझतो, काही दिवस बरं वाटतं. त्यात नोंदलेला पुरावाही जातो आणि काही एएमटी गाड्यांना क्लचचं सेटिंग पुन्हा शिकवावं लागतं. ज्यांना गाडी विकायची असते त्यांच्यासाठी तर ही सोयच आहे. तुम्ही घेणारे असाल तर चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा त्या वेळी लागलाच पाहिजे. लागला नाही तर तो कोणीतरी काढलाय. मग रीडर लावून ‘रेडीनेस’चं पान उघडा. बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसत असतील तर मेमरी नुकतीच पुसली गेली आहे, किंवा बॅटरी काढली होती. मालकाला विचारा कधी आणि का. तो ‘कालच सर्व्हिसिंग केलं’ म्हणाला तर बिल मागा, आणि आठवडाभर चालवून पुन्हा दाखवा म्हणा.